उसाआड गेलेलं नेटवर्क

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण ताईंचं आहे. आईवडिलांचं आहेच, ते वेगळं सांगायला नको. पण आज मी ज्या खुर्चीत बसून काम करतो आणि ज्या पद्धतीनं करतो, ती खुर्ची आणि ती पद्धत दोन्ही ताईंनी दिली. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. नगर जिल्ह्यातल्या ज्या साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो, तो विभाग माझ्याआधी त्या सांभाळत होत्या. कारखान्यात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत.

माझं घर पाथर्डी तालुक्यातलं. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि मी गावात आत्याकडे राहून शाळा करायचो. पुढे तालुक्याच्या गावी कॉलेज झालं आणि कॉम्प्युटर सायन्सची पदवी मिळाली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा वडील आत्याला म्हणाले, "आमी भाइरून ऊस आनून टाकायचा अन् ह्यानं आत बसून मोजायचा. झालं की समदं घरातल्या घरात." हसत म्हणाले, पण त्यांनी ते गावात बऱ्याच जणांना सांगितलं, असं मला नंतर कळलं.

कॉलेजात मी सर्व्हरची व्याख्या पाठ केली होती. सर्व्हर पाहिला तो ताईंच्या खोलीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला कळफलकाला हात लावू दिला नाही. चिकटपट्ट्यांचं एक पाकीट आणि पेन दिलं आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना ती कुठून निघते आणि कुठे जाते ते लिहायला सांगितलं. मला वाटलं, हे काम शिपायाचं आहे. काही दिवसांनी वजनकाट्याचा संगणक बंद पडला. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. मी वायरींचं कपाट उघडलं, पट्टी वाचली आणि बरोबर ती वायर काढून दुसरीकडे लावली. रांग हलली. त्यानंतर पट्ट्यांबद्दल माझी काही तक्रार राहिली नाही.

बॅकअपचंही तसंच. रोज संध्याकाळी नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जायची. स्क्रीनवर 'पूर्ण' असा शब्द यायचा आणि मी निर्धास्त व्हायचो. ताई मात्र दर शनिवारी एका जुन्या संगणकावर ती प्रत उघडायला लावायच्या. चार-पाच शेतकऱ्यांच्या नोंदी काढून मूळ नोंदींशी जुळवून बघायच्या. "पेरणीआधी गोणपाटात दाणे ठेवून उगवण बघतात ना, तसं समज," त्या म्हणाल्या. "पोतं भरलेलं आहे, एवढ्यावर कोणी पेरत नाही." एका शनिवारी खरंच प्रत उघडली नाही. डिस्क खराब झाली होती. ते हंगामाच्या ऐन मध्यावर लक्षात आलं असतं तर काय झालं असतं, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

पासवर्डबद्दल त्यांचा नियम सगळ्यात कडक होता. रोजच्या कामाचं खातं वेगळं आणि सगळे अधिकार असलेलं खातं वेगळं. दुसरं खातं फक्त गरजेपुरतं उघडायचं, काम झालं की बंद. ते खातं माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या, "ही गोदामाची किल्ली आहे. किल्ली आपल्याकडे आहे म्हणून पोती आपली होत नाहीत."

आता गट ऑफिसबद्दल सांगायला हवं. कारखान्याचं क्षेत्र गटांमध्ये वाटलेलं असतं. उसाची लागण, म्हणजे लावणी, झाली की शेतकरी गट ऑफिसात तिची नोंद करतो. लागणीच्या तारखेवरून तोडणीचा क्रम ठरतो, आणि पाळी आली की तोडणीची चिठ्ठी निघते. उसाच्या पट्ट्यात लग्नाच्या तारखेपेक्षा लागणीच्या तारखेवरून जास्त भांडणं होतात, असं म्हटलं तर कोणी नाही म्हणणार नाही. आमच्या एका लांबच्या गटात तिथला चिटबॉय, म्हणजे नोंदी आणि चिठ्ठ्या बघणारा कर्मचारी, रोज मोटरसायकलवर कागद घेऊन कारखान्यावर यायचा. माणूस पन्नाशी ओलांडलेला, दोन नातवंडांचा आजोबा, पण हुद्दा चिटबॉय. ते गट ऑफिस बिनतारी पद्धतीनं कारखान्याला जोडावं, ही ताईंची जुनी मागणी होती. ती त्यांच्या शेवटच्या वर्षी मंजूर झाली.

एप्रिलमध्ये पुण्याच्या ठेकेदाराची माणसं आली. आमच्या कार्यालयाच्या गच्चीवर एक अँटेना बसवली आणि गट ऑफिसच्या छपरावर लोखंडी पाइप उभा करून दुसरी. मधे पाच-सहा किलोमीटर रान. त्यातल्या बऱ्याच उसाची नुकतीच तोडणी झालेली, सगळं मोकळं. लिंक पहिल्या झटक्यात लागली. चिटबॉय स्क्रीनकडे बघून म्हणाले, "म्हंजी आता आमचं पेट्रोल वाचलं म्हनायचं," आणि लगेच शंका काढली, "पन भत्ता बंद न्हाई ना होनार?"

ताई जूनअखेर निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नाशिकला गेल्या. जाण्याआधी त्यांनी कार्यकारी संचालकांना माझ्याबद्दल लेखी शिफारस दिली. मी कंत्राटावर होतो, कंत्राट दिवाळीला संपत होतं. संचालकांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, की हंगामाच्या पहिल्या दिवसापासून ते गट ऑफिस ऑनलाइन चाललं तर मला कायम करायला हरकत नाही. नाही चाललं तर विभाग बाहेरच्या कंपनीकडे द्यायचा विचार आहे. मी घरी फोनवर एवढंच सांगितलं की दिवाळीनंतर कळेल. आईनं त्या वर्षी तोडीला जायचं की नाही, हे त्यावर ठरणार होतं. तिचे गुडघे दुखत होते. मी कायम झालो तर ती घरी राहणार होती.

ऑगस्टच्या शेवटी लिंक तुटायला लागली. सकाळी अजिबात नाही, दुपारी कधी आहे कधी नाही, पाऊस पडून गेला की पूर्ण बंद. चिटबॉयांचा रोज फोन यायचा. पुढे पुढे ते नमस्कारसुद्धा म्हणत नसत, "आजबी न्हाई" एवढंच सांगून ठेवून द्यायचे.

अशा वेळी माणूस घाबरून सगळं एकदम बदलतो. अॅडॉप्टर बदलतो, वायर बदलतो, सेटिंग बदलतो, आणि चाललं तरी कशानं चाललं ते कळत नाही. ताईंनी मला एका वेळी एकच गोष्ट बदलायची सवय लावली होती. बदललं की थांबायचं, बघायचं, फरक नसेल तर पहिल्यासारखं करून मग पुढची गोष्ट हातात घ्यायची. सुरुवातही खालून करायची. आधी वीज, मग वायर, मग अँटेना, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. मी तसंच केलं. गट ऑफिसात व्होल्टेज कमी येत होतं, म्हणून स्टॅबिलायझर लावला. फरक नाही. छपरावरून येणारी वायर बदलली. फरक नाही. ठेकेदाराला फोन केला तर त्यानं नवीन सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. जुन्या सेटिंगची प्रत काढून ठेवून तेही टाकलं. फरक नाही. ठेकेदार म्हणाला, मग तुमच्याकडचं हवामानच खराब असेल.

त्याचं ते बोलणं मला लागलं, पण त्यातला एक भाग माझ्या डोक्यात राहिला. सकाळी दव असतं तेव्हा बंद, दुपारी ऊन लागलं की जरा बरं, पावसानंतर बंद. यंत्रात दोष असता तर तो दव बघून आला नसता. वाटेत काहीतरी ओलं होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गट ऑफिसच्या छपरावर चढलो आणि अँटेनेच्या मागे डोकं नेऊन तिच्या रेषेत बघितलं. एप्रिलमध्ये मी इथूनच कारखाना बघितला होता. चिमणी, तिच्या शेजारची छपरं, आमच्या कार्यालयाची गच्ची, सगळं. आता चिमणी दिसत होती आणि तिच्या खाली हिरवागार ऊस. मधल्या अंतरावर जमिनीला एक उंचवटा आहे. गावातले त्याला टेकाड म्हणतात, पण मोटरसायकलवरून जाताना ते जाणवतसुद्धा नाही. त्या टेकाडावर एक मोठा प्लॉट होता. एप्रिलमध्ये तिथला ऊस कमरेएवढा होता, आता दोन पुरुष उंच झाला होता. उसाच्या पाल्यात पाणी असतं, त्यावर दव आणि पाऊस. एवढ्या ओल्या भिंतीतून लहरी पलीकडे जातच नव्हत्या. उन्हाळ्यात मोकळ्या रानात तपासणी करून गेलेल्या माणसांना, ऊस वाढतो ही गोष्ट सुचली नव्हती.

मी खाली उतरून सांगितलं तर चिटबॉय बराच वेळ हसत राहिले. "उसाच्या कारखान्याचं काम उसानंच आडवलं," म्हणाले. मग त्यांनी तो प्लॉट कोणाचा ते सांगितलं. गावातला खटपटी शेतकरी, ग्रामपंचायतीचा सदस्यही. बातमी माझ्याआधी त्याच्याकडे पोचली. मी चहाच्या टपरीवर होतो, तिथं तो स्वतः आला आणि मला शोधून शेजारी बसला.

"माजा ऊस तुमच्या आड आला म्हंत्यात."

मी हो म्हणालो.

"मंग तोडा की. मी कुटं धरून ठिवलाय? पयली मोळी माज्याच रानातली न्या. तुमचं मशिन चालू, माजा गहू येळंवर. दोगांचंबी भलं."

टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी कारखान्यात उसाची जी मोळी टाकतात, ती आपल्या रानातली न्या, हे तो विनोदानं म्हणत नव्हता. त्याची लागण नोव्हेंबरची होती, पाळी जानेवारीत येणार होती. पहिल्याच आठवड्यात रान मोकळं झालं तर त्याला गहू करता येणार होता.

दोन दिवसांनी शेतकी अधिकारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्याकडेही तो जाऊन आला होता. साहेब वाईट माणूस नाहीत. हंगामाच्या तोंडावर त्यांच्या डोक्यावर शंभर कामं असतात आणि प्रत्येकाचा सोपा उपाय ते शोधत असतात. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, त्या प्लॉटची लागण तारीख तीन-चार महिने मागं घे. तो क्रमात आपोआप वर येईल, पहिल्या आठवड्यात तुटेल, तुझी लिंक चालू होईल, तू कायम होशील. एका प्लॉटनं काही बिघडत नाही.

तारीख बदलणं मला मिनिटाचं काम होतं. कुठलीही नोंद बदलली की कोणी आणि कधी बदलली हे सर्व्हरवर आपोआप लिहिलं जातं, पण ते पुसायचे अधिकारही ज्या खात्याला होते ते माझ्याच हातात होतं. साहेबांनाही हे माहीत होतं. मला घरची आठवण झाली नाही असं नाही. तरी माझं उत्तर ठरलेलं होतं. त्याच्या प्लॉटच्या पुढे ज्यांच्या तारखा होत्या, त्यांतला एकही माणूस त्या खोलीत नव्हता, आणि त्यांची पाळी राखायला तिथं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, ऊस तोडून गहू केला तरी त्या रानात पुन्हा ऊसच लागणार. पुढच्या पावसाळ्याला नाही तर त्याच्या पुढच्याला तो पुन्हा तेवढाच होईल. मग पुन्हा तारीख बदलायची का?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्याकडे दुसरा उपाय आहे का?"

"अँटेना वर न्यायची. गट ऑफिसच्या भिंतीला लागून ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे."

"ग्रामपंचायत म्हणजे तोच माणूस."

"त्याच्याशिवाय अजून सदस्य आहेत तिथं."

"मग तुझं तू बघ," साहेब म्हणाले. "जमलं नाही तर माझ्याकडे येऊ नको."

टाकीचा विचार मी आधीच तपासून ठेवला होता. गट ऑफिसच्या छपरावर लांब पाइप लावून बघितला होता, पण तो वाऱ्यानं डुलायचा आणि लिंक यायची-जायची. टाकीवरून मात्र टेकाडावरच्या उसाच्या वरून आमची गच्ची स्वच्छ दिसत होती, तीही पाऊस पडून गेल्यावर. तपासणी करायची ती सगळ्यात वाईट दिवशी करायची, हे मी त्या महिन्यात शिकलो. चांगल्या दिवशी सगळंच चालतं.

ग्रामपंचायतीच्या मासिक बैठकीत मी अर्ज घेऊन गेलो. तारखेचा विषय काढला नाही. अँटेना टाकीवर का हवी, तिचा टाकीला भार किती, वीज पडू नये म्हणून काय करणार आणि गावाला त्याचा काय उपयोग, हे साध्या शब्दांत सांगितलं. चिठ्ठी गावातच निघेल, त्यासाठी कारखान्यावर चकरा मारायला नकोत, हे सगळ्यांना पटलं. सरपंच बाई सही करणार, तेवढ्यात तो सदस्य म्हणाला, टाकीला भोकं पाडायची गरजच काय, माझा ऊस आधी तोडला की काम झालं.

एक म्हातारे सदस्य मागच्या खुर्चीत तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर केली. "अन् पुढल्या साली?"

"पुढल्या सालीबी तोडायचा."

"म्हंजी तुजा नंबर कायमचा पयला. मंग आमी समद्यांनी टेकाडावर जाऊन ऊस लावायचा का?"

बैठकीत हसू उसळलं. शेवटी तो सदस्यही हसायला लागला, आणि गावात आपली चेष्टा पुरे झाली असं वाटून म्हणा किंवा खरंच पटून म्हणा, ठरावाला अनुमोदन त्यानंच दिलं.

अँटेना आम्ही कोरड्या दिवशी बसवली. टाकीला एकही भोक न पाडता कठड्याला पट्ट्या आवळल्या. वायर पाइपातून खाली आणली आणि ऑफिसच्या भिंतीत शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला झोळ दिला, म्हणजे पाणी वायरवरून आत न येता झोळाच्या तळाला ठिबकतं. अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. तो खड्डा चिटबॉयांनी स्वतः उभं राहून खणून घेतला आणि त्यावर रोज तांब्याभर पाणी घालायचं काम आपल्याकडे घेतलं. सगळं झाल्यावर मी त्याचा नकाशा काढला. एक प्रत ऑफिसच्या भिंतीवर लावली, एक माझ्या कपाटात ठेवली. उद्या मी तिथं नसलो तरी दुसऱ्या कोणाला ते काम करता यावं, असंच ताईंनी मला शिकवलं होतं.

हंगाम सुरू झाल्यावर मी ताईंना पत्र लिहिलं. फोनवर बोलणं होतच होतं, पण फोनवर माझ्याकडून नीट आभार मानले जात नाहीत. ते पत्र असं होतं:

ताई,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. नातीला शाळा आवडायला लागली का?

गट ऑफिस पहिल्या दिवसापासून चालू आहे. मोळीच्या कार्यक्रमाला मी कारखान्यावर नव्हतो, तिकडे टाकीखाली बसलो होतो. पहाटे चांगलं दव पडलं होतं. पहिली चिठ्ठी निघाली, कारखान्यावर नोंद दिसली, आणि चिटबॉय मला म्हणाले, आता तुम्ही चहा प्यायला हरकत नाही. तोपर्यंत त्यांनी मला चहासुद्धा घेऊ दिला नव्हता. त्यांचा भत्ता अर्धा चालू राहिला आहे, त्याची तक्रार ते तुमच्याकडे करणार आहेत.

कायम केल्याचा आदेश मिळाला. शेतकी साहेबांनी स्वतः आणून दिला. म्हणाले, "घे. आता तुझी तारीखही कोणाला मागंपुढं करता येणार नाही." एवढंच बोलून गेले. त्यानंतर त्यांनी एक काम मात्र चांगलं केलं. लागण तारीख बदलायची असेल तर दोन माणसांच्या मंजुरीशिवाय बदलू नये, अशी सोय करायला त्यांनी मला लेखी सांगितलं. मी ती केली. आता माझ्या एकट्याच्या खात्यानं ते होत नाही. मला हलकं वाटलं.

आई या वर्षी तोडीला गेली नाही. वडील गेले आहेत, ऐकत नाहीत. आई म्हणते, घरात बसून करमत नाही, पण गुडघ्याला आराम आहे.

तुम्ही मला पहिल्या दिवशी पट्ट्या लिहायला बसवलंत तेव्हा मला राग आला होता. माझ्या घरात खुर्चीवरचं काम कोणी केलेलं नव्हतं, ते कसं करतात हे मला कोणाकडे बघून शिकता आलं नसतं. तुमच्याकडे बघून शिकलो. याहून नीट मला लिहिता येत नाही.

टेकाडावरचा ऊस अजून उभा आहे. मालक दर आठवड्याला भेटतो आणि पाळी कधी येणार ते विचारतो. मला स्क्रीनवर ते दिसतं, पण मी त्याला चिटबॉयांकडे पाठवतो. ते सांगणं त्यांचं काम आहे. काल तो म्हणाला, "तुमी लई कडक हाय राव, पोरीसाठी स्थळ म्हून तुमालाच इचारावं म्हंतो." मी त्याला म्हणालो, तेही रांगेनंच.

आपला,
तुमच्या विभागातला